पाय लागला तर

आमच्या दुकानात जमीन अशी फारशी दिसत नाही. हैदराबादच्या कोठी भागात शालेय पुस्तकांची जी दुकानं आहेत, त्यातलं एक आमचं. आजोबांनी मांडलं, वडिलांनी वाढवलं, आणि माझ्या हाती आलं तोवर पुस्तकं एवढी झाली होती की गिऱ्हाइकाला बाहेर पायरीवरच उभं राहावं लागतं. फळ्या भरल्या की गठ्ठे खाली येतात. गणिताचा गठ्ठा, तेलुगूचा गठ्ठा, भूगोलाचा गठ्ठा, आणि त्यांच्यामधून एक पाऊल जेमतेम मावेल एवढी वाट. त्या वाटेवर माझी मुलगी चालायला शिकली. तिची आई बँकेत, त्यामुळे पोरीचं अर्धं बालपण माझ्या दुकानात गेलं, आणि तिथे मी तिला एकच गोष्ट अगदी कडकपणे शिकवली. पुस्तकाला पाय लागला की वाकायचं, हात लावायचा, तो हात डोळ्यांना लावायचा. माणसाला लागला तरी तेच.

यात मी नवीन काही केलं नाही. मराठी काय, तेलुगू काय, आपल्याकडे बहुतेक घरांत हे शिकवतात. पण इतरांच्या घरी दिवसातून एखाद्या वेळी पाय लागतो, आमच्या दुकानात दर पावलाला लागतो. त्यामुळे तिच्या हाताला ते इतकं सवयीचं झालं की डोक्याला विचारायची गरजच उरली नाही. लहानपणी ती मांजरीलाही पाय लागला म्हणून नमस्कार करायची आणि मांजर घाबरून पळायची. मला फार अभिमान वाटायचा. गिऱ्हाइकांना मी कौतुकाने ते दाखवायचोसुद्धा.

मग ती फुटबॉल खेळायला लागली.

शाळेतल्या मैदानावर पहिल्या दिवशी तिने चेंडूला लाथ मारली, चेंडूमागे धावली आणि त्याच्या पाया पडली. हे मला तिच्या आईने हसत हसत सांगितलं. आई पुण्याची. तिला माझ्यातलं हसण्यासारखं नेमकं दिसतं. चेंडूचा प्रश्न आठवड्याभरात सुटला, कारण चेंडू लाथ खाण्यासाठीच असतो हे तिला पटलं. माणसांचा सुटला नाही. ती बचावफळीत खेळते, मधोमध, ज्याला स्टॉपर म्हणतात तिथे. म्हणजे समोरून येणाऱ्या मुलीच्या पायातून चेंडू काढून घेणं हेच तिचं काम, आणि त्यात पायाला पाय लागल्याशिवाय राहत नाही.

गेल्या वर्षी आमच्या शहरात सोळा वर्षांखालच्या मुलींची आंतरराष्ट्रीय स्पर्धा होणार असं ठरलं. बाहेरून संघ येणार होते, नेपाळचे, श्रीलंकेचे, एक तर थेट नॉर्वेहून. शहराच्या संघात माझ्या मुलीची निवड झाली तेव्हा ती दिवसभर घरात चालली नाही, नुसती उड्या मारत फिरली. तिला दुसरं काहीच नको होतं. नवा फोन नको, सुट्टीत पुणं नको. फक्त त्या स्पर्धेत पहिल्या अकरांत उभं राहायचं होतं.

आणि नेमकं तेच धोक्यात आलं. संघाचा सराव मलकपेठला, रेसकोर्सच्या बाजूच्या एका मैदानावर असायचा. पहाटे मी तिला स्कूटरवरून हिमायतनगरहून घेऊन जायचो आणि मैदानाच्या कडेला चहा पीत बसायचो. एके दिवशी कोच मॅडमनी मला हाक मारली. त्या तिथल्याच, मलकपेठच्या. स्वतः खेळलेल्या, गुडघा गेल्यावर शिकवायला लागलेल्या. आवाज असा की भिंतीपलीकडचे घोडेही थबकावेत.

"भाई, जरा इधर आओ. आपकी बच्ची में सब है. दौडती, डरती नईं, हेडिंग भी मारती. लेकिन सामनेवाली कू टांग लगी ना, तो रुक के सलाम करती! सलाम! इत्ते में वो छोकरी गोल मार के आ जाती."

मी म्हटलं, "संस्कार है मॅडम."

"संस्कार घर पे रखो भाई. ये बाहर की छोकरियाँ सलाम लेने कू रुकनेवाली नईं. पैले मॅच में मैं इसकू खडी करतूँ. एक दफा भी हात नीचे गया तो बेंच पे बिठा देतूँ, फिर पूरे टूर्नामेंट में उठातीइच नईं. ये आदत आप लगाए ना? तो आपइच निकालो."

मुलगी बाजूलाच उभी होती.  

त्या संध्याकाळपासून आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये माझी शाळा सुरू झाली. मी प्रतिस्पर्धी. जुनी पँट, पोटावर ताणलेला टी-शर्ट, पायात चेंडू. ती समोरून येणार, चेंडू काढून घेणार, जाता जाता माझ्या नडगीवर पाय मारणार आणि मागे न बघता पुढे जाणार. साधी गोष्ट. पण तिचा पाय माझ्या पायाला टेकला रे टेकला की हात खाली. मी ओरडायचो, "नमस्कार नको! लाथ मार!" ती पुन्हा यायची, पुन्हा हात खाली. मला राग लवकर येतो, हे सगळ्या कोठीला माहीत आहे. मी अक्षरशः किंचाळलो, "अगं, बापाला लाथ मारता येत नाही तुला?"

वरून गॅलरीतून तिच्या आईचा आवाज आला, "अहो, हे वाक्य जरा हळू म्हणा. लोक राहतात इथे."

रात्री जेवताना वाद झालाच. तिची आई म्हणाली, "मुलगी मैदानात दुसऱ्याच्या वाटेत येते, ते तिचं काम आहे. वाटेत आल्याबद्दल तिला माफी मागायला शिकवलं कोणी? तुम्ही."

मी म्हटलं, ती माफी नव्हेच. समोरच्या माणसात देव आहे, त्याला आपण पाय लावला, एवढं ध्यानात ठेवण्यासाठी ते असतं.

"मग चेंडूत नाही का देव? त्याला दिवसभर लाथा मारतेय ती."

 यावर मी आवाज चढवला. मग मुलगी ताटावरून उठली आणि म्हणाली, "तुम्ही दोघं नंतर भांडा ना. मला खेळायचंय." तिचे डोळे भरले होते. 

मी त्यावर पुष्कळ विचार केला. दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसतं, विचार करायला वेळ असतो. मी जे शिकवलं ते चूक होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण बायकोचं म्हणणंही कानातून जाईना. माझ्या दुकानात आईबापांबरोबर मुली येतात. कोणी पायरी चढू लागलं की मुली आधी अंग चोरून बाजूला होतात, मुलगे आहेत तिथेच उभे राहतात. हे मी आयुष्यभर पाहिलं होतं आणि कधी पाहिलं नव्हतं. आता दिसायला लागलं. माझ्या मुलीला अंग चोरायला मी शिकवलं नव्हतं, एवढं मी स्वतःला समजावत होतो.

शेवटी उपाय कोच मॅडमनीच दिला. धावताना उजव्या हातात शॉर्ट्सची कड धरायची. हात गुंतलेला असला की खाली जात नाही. पहिले काही दिवस ती तशी विचित्रच धावायची, एक हात कमरेशी, एक मोकळा. मग जमलं. सरावात पाय लागला की ती कड घट्ट धरायची आणि पुढे जायची. मॅडम मला लांबून अंगठा वर करून शाबासकी द्यायच्या.

मैदानात गेलेली सवय घरातूनही गेली. हे माझ्या ध्यानात आलं स्कूटरवर. मागे बसताना तिचा बूट माझ्या पोटरीला लागतो, रोज लागतो, आणि रोज ती माझ्या पाठीला हात लावून नमस्कार करायची. मला ते पाठीवर कळायचं. त्या महिन्यात ते थांबलं. बूट लागला, ती बसली, "चला बाबा," एवढंच. दुकानातही तेच. एकदा इंग्रजी व्याकरणाच्या गठ्ठ्याला तिचा पाय लागून वरची पुस्तकं घसरली. तिने ती नीट रचली आणि निघून गेली. मला वाईट वाटलं. सरळ सांगतो, फार वाईट वाटलं. मीच काढायला निघालो होतो आणि निघाली म्हणून मीच खट्टू झालो. हे कोणाला सांगणार? बायकोला सांगितलं असतं तर ती चार दिवस हसली असती.

त्यातच डिसेंबरची थंडी. हैदराबादची थंडी ती काय, पण पहाटे पाय गारठतात. रोज जाग यायची तेव्हा माझे पाय पांघरुणाबाहेर. मी बायकोला म्हणायचो, तू ओढतेस. ती म्हणायची, माझं पांघरूण वेगळं आहे, तुमचं मी कशाला ओढू? यावरूनही आमची रोज थोडी चकमक व्हायची. मुलगी तोवर उठून आवरून तयार असायची आणि दारातून म्हणायची, "बाबा, उशीर होतोय."

पहिला सामना नॉर्वेच्या संघाशी होता, शहराबाहेरच्या मोठ्या मैदानावर. जाताना तिने मला सांगितलं, "बाबा, मी एक उपाय काढलाय. मॅचच्या आधी लाइनवर एकदाच करून टाकणार. ज्यांना ज्यांना पाय लागेल, त्या सगळ्यांचा. ॲडव्हान्समध्ये."

मी म्हटलं, "असं चालतं का?"

"नाही चालत असं कोणी सांगितलंय?"

तिने खरंच केलं. मैदानात शिरताना पांढऱ्या रेषेपाशी वाकली, हात टेकवला, डोळ्यांना लावला. माझ्या शेजारी गोलकीपरची आई बसली होती, तेलुगू. ती कौतुकाने म्हणाली, मैदानाला नमस्कार करते बघा. मी मान हलवली. तो मैदानाला नव्हता हे त्या हजार माणसांत फक्त मला माहीत होतं, आणि त्यामुळे मला उगाचच मोठं झाल्यासारखं वाटलं.

नॉर्वेच्या मुली आमच्या मुलींपेक्षा डोकंभर उंच. त्यांच्यातली एक, वेणी घातलेली, वाऱ्यासारखी पळायची. पूर्वार्ध आमच्या मुलींनी कसाबसा काढला. गोल नाही. माझी मुलगी चार-पाच वेळा तिच्यावर जाऊन आदळली, कड धरली, पुढे गेली. मॅडम रेषेवरून ओरडत होत्या, "हौ! ऐसाइच!" माझा घसा बसला होता.

सामना संपत आला होता तेव्हा वेणीवाली आमच्या गोलपाशी एकटी घुसली. गोलकीपर पुढे येऊन फसली होती. मधे फक्त माझी मुलगी. ती घसरत गेली, चेंडू आधी मारला, स्वच्छ मारला, आणि मग तिचा बूट त्या मुलीच्या घोट्यावर बसला. तो आवाज मला कडेला बसून ऐकू आला. वेणीवाली कोसळली आणि ओरडली. रेफरीने शिट्टी दिली नाही, कारण चेंडू आधी लागला होता. चेंडू मात्र तिथेच होता, गोलसमोर, आणि दुसरी एक नॉर्वेची मुलगी त्याच्यावर धावून येत होती.

माझी मुलगी उठली. पडलेली मुलगी तिच्या पायाशी होती. एक क्षण मला वाटलं, आता वाकते. मला वाटलं, वाकू नकोस. आणि त्याच वेळी मला वाटलं, वाक. तिने उजव्या हातात शॉर्ट्सची कड अशी धरली की कापड फाटेल, आणि चेंडू मैदानाबाहेर, पार प्रेक्षकांत उडवला. मग ती पाठ फिरवून उभी राहिली. डॉक्टर आले, त्या मुलीला दोघांच्या खांद्यावरून बाहेर नेलं, तरी हिने वळून पाहिलं नाही.

"अय्यो, पापम्," गोलकीपरची आई हळहळली, "बिचारी पोर!"

माझ्या लक्षात आलं की माझा उजवा हात माझ्या डोळ्यांवर आहे. मी समोरच्या कठड्याला कधी हात लावला, तो डोळ्यांशी कधी नेला, मला कळलंच नव्हतं.

सामना बरोबरीत सुटला. आमच्यासाठी तो जिंकल्यासारखाच होता. मॅडमनी माझ्या मुलीला उचललं, स्वतःच्या दुखऱ्या गुडघ्यासकट, आणि मला ओरडून सांगितलं, "भाई, अब ये मेरी पक्की स्टॉपर है! इसकू कोई नईं बिठाता!" जे तिला हवं होतं ते मिळालं होतं. पण ती हसत होती ती नुसती तोंडाने.

 परतताना मलकपेठ मागे पडल्यावर ती अचानक म्हणाली, "ती पडली तेव्हा तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं."

"खूप लागलं होतं का?"

"चालता येत नव्हतं तिला." मग तिला बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "तू काळजी करू नकोस. मी केला नमस्कार, तुझ्या वतीने."

"तुम्ही?" तिचा आवाज चढला. रागाचा आवाज, थेट माझाच. "तुम्ही कशाला? पाय माझा होता!"

मी स्कूटर बाजूला घेतली. ती रडत होती. म्हणाली, "ॲडव्हान्समधला नमस्कार नुसता पाय लागण्यासाठी होता. दुखवण्यासाठी नव्हता. तो वेगळा करायला लागतो." मी तिचा बाप, दुकानात पुस्तकांच्या डोंगरावर बसून तिला धडे देणारा. हा फरक मी तिला कधी शिकवला नव्हता, कारण मला तो ठाऊकच नव्हता.

दुसऱ्या दिवशी आमचा सामना नव्हता, नॉर्वेचा होता. सकाळी लवकर तिने मला मैदानावर न्यायला लावलं. मी बरोबर निघालो तर म्हणाली, "तुम्ही इथेच थांबा, स्कूटरपाशी." मी थांबलो. माझ्यासारख्या माणसाला ते किती जड गेलं, हे मला ओळखणाऱ्यांना कळेल.

लांबून दिसत होतं. वेणीवाली बाकावर बसली होती, घोट्याला जाड पट्टी. माझी मुलगी तिच्यासमोर गेली, काहीतरी बोलली आणि खाली बसली. तिने हात पुढे केला तशी त्या मुलीने दचकून पाय मागे घेतला. घेणारच. पुन्हा काही बोलणं झालं. मग त्या मुलीने पाय आपणहून थोडा पुढे केला. माझ्या मुलीने पट्टीला हळूच हात लावला आणि डोळ्यांना नेला. घाई केली नाही.

परत आली तेव्हा मी विचारलं, "काय म्हणाली?"

"आधी घाबरली. मग मी सांगितलं आमच्याकडे काय असतं ते. तर म्हणाली, मग कालच का नाही केलंस? मी म्हटलं, काल केलं असतं तर तुमचा गोल झाला असता." ती हसली, आदल्या दिवसापासून पहिल्यांदा. "ती म्हणाली, हो, झालाच असता."

मीही हसलो. ती स्कूटरवर मागे बसली आणि नेहमीप्रमाणे तिचा बूट माझ्या पोटरीला लागला. चांगला जोरात लागला. मी किल्ली फिरवली नाही. पाठीवर हाताची वाट पाहत बसलो, इतकं सगळं झाल्यावर तरी.

"चला ना बाबा."

"पाय लागला मला," मी म्हटलं. म्हणायचं नव्हतं, तोंडून गेलं.

"माहीत आहे. तुमचा सकाळीच झालाय."

"सकाळी कधी?"

"रोजच. तुम्ही झोपलेले असता तेव्हा. दिवसभरात तुम्हाला किती वेळा लागेल काय सांगता येतं? म्हणून मी उठल्या उठल्या करून टाकते."

मला बायकोशी झालेल्या सगळ्या चकमकी आठवल्या. मी म्हटलं, "म्हणजे माझं पांघरूण..."

"पाय सापडत नाहीत ना त्याशिवाय. नंतर नीट घालायला विसरते मी." मागून तिने माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवली. "फार गार असतात तुमचे पाय, बाबा. मोजे घालून झोपत जा."